शिट्टीचा आवाज पोचेपर्यंत

प्रिय शिट्टी,

आधी एक प्रश्न लिहिते. त्याचं उत्तर मला येत नाही, पण उत्तर आलं नाही तरी प्रश्न स्वच्छ अक्षरात लिहावा असं मी वर्गात रोज सांगते. एखादीने दुसरीची चूक दाखवली, चूक खरोखरच होती, पण ती सापडल्यावर दाखवणारीला आतून गुदगुल्या झाल्या, तर ती खरं बोलली म्हणायचं की तिने डाव साधला म्हणायचं?

घाबरू नकोस, सगळं जागेवर आहे. आपली खोली आहे, खिडकीची कडी अजून तशीच लटकते आहे, आणि खालचा किल्लीवाला सकाळी डोळे उघडायच्या आत यंत्र सुरू करतो. तू शिबिराला गेल्यापासून न्हाणीघर माझ्याआधी कुणी अडवत नाही. या सुखाची मी वर्षभर वाट पाहिली होती आणि आता ते गोड लागत नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तिथे तुम्हाला संध्याकाळी अर्धाच तास फोन मिळतो, तुझ्या मागे दहाजणी ताटकळत असतात, आणि मी गंभीर झाले की तू हसायला लागतेस. तू हसलीस की मलाही हसू येतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून कागद घेतला. हा निदान मध्ये बोलणार नाही.

आपण दोघी एकाच दिवशी शाळेत रुजू झालो. आठवड्याच्या आत पोरांनी आपली बारशी केली. तू शिट्टीबाई, मी भागिले बाई. नावं ठेवताना पोरं चुकत नाहीत बघ. मधल्या सुट्टीत तुझ्या दोन्ही हातांना दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी पोरं लोंबकळत असतात. माझ्या टेबलाशी येतात ती गणित अपुरं राहिलेली, आणि तीही उसासे टाकत. मी शिकवायला आले ते मोठ्या गोष्टी मनात घेऊन. पोरांना विचार करायला लावीन, त्यांच्या डोक्यातलं भीतीचं जाळं काढीन, असं मी नेमणुकीच्या मुलाखतीत म्हटलं होतं, आणि मोठे सर जांभई लपवत होते तेही मला दिसलं होतं. तू मुलाखतीत काय म्हणालीस ते तूच मला सांगितलंस: “पोरं धावली की बरी झोपतात.” आणि तुला आधी नेमलं.

माझ्या घरचं तर मी तुला कधी बोललेच नाही. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली. बाबांनी ते प्रमाणपत्र शिलाईच्या दुकानात आरशाशेजारी लावलंय, माप देता देता गिऱ्हाइकं वाचतात. पण त्या दिवसापासून आई-बाबा माझ्याशी जपून बोलतात, कुणी कचेरीतून तपासणीला आल्यासारखं. तुझ्याशी मात्र आई मोकळी. तू फोनवर तिला काज करायला शिकवा म्हणालीस. मी तिची मुलगी, इतकी वर्षं तिच्या शेजारी बसले आणि कधी म्हटलं नाही, मी अभ्यास करत होते. मागे एकदा तुझ्या कुठल्याशा गोष्टीवर ती फोनमध्ये इतकी हसली की मला वाटलं भलतीच कुणी बाई आहे. तू डोळे पुसत फोन माझ्या हातात दिलास, आणि तिकडे तिने पदर सावरल्यासारखा आवाज सावरला. “हां, बोल गं बाळा. सगळं ठीक ना?” मी म्हटलं, ठीक. मग मी जाऊन धुतलेले कपडे पुन्हा धुतले. तुला वाटलं मला स्वच्छतेचं वेड लागलंय. मला तुझा हेवा वाटत होता. बाकी काही नाही.

आता नाकतोडीचं. हे नाव तू ठेवलंस आणि एका दिवसात शाळाभर झालं. मी बरेच दिवस हट्टाने तिला हजेरीतल्या नावाने हाक मारत राहिले. ती बिचारी आधी इकडे तिकडे बघायची. तू येईपर्यंत, म्हणजे तू तिला पाहीपर्यंत, ती माझी होती. शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाशी थांबायची, उत्तर बरोबर आलं तरी तसं का आलं ते विचारायची. तिची आई दवाखान्यात लाद्या पुसते. घरात कुणी शाळेची शेवटची पायरी पाहिलेली नाही. तिच्यात मला मीच दिसायची, हे आता लिहायला हरकत नाही. गणिताच्या शिष्यवृत्तीला तिला बसवायचं, तिथून ती थांबणारच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि मग एक दिवस फाटक बंद होता होता ती धावत आत शिरली आणि ते तू बघितलंस.

दोन महिन्यांत तिच्या पायात तुझ्या ओळखीतून आलेले बूट, कमरेवर हात ठेवून उभं राहण्याची तुझी तऱ्हा, बोलताना तुझे शब्द. एकदा फळ्यावर उदाहरण सोडवून झाल्यावर तिने खडूचे हात मांड्यांवर झटकले, अगदी तू झटकतेस तसे. उदाहरण बरोबर होतं. मी शाबासकी द्यायची विसरले. खरं म्हणजे विसरले नव्हते.

तू जायच्या आदल्या दिवशीची चाचणी आठवते ना. शंभर मीटर चौदा सेकंदांच्या आत पळणाऱ्यांनाच ती निवासी क्रीडाशाळा शेवटच्या निवडीला बोलावते. तू शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन, शिपाईमामा सुरुवातीला शिट्टी घेऊन. तेरा पूर्णांक आठ. तू तिला उचलून गरगर फिरवलंस. मी टाळ्या वाजवल्या, आणि त्या वाजवताना माझ्या डोक्यात एवढंच होतं की ती शेवटची निवड आणि माझी शिष्यवृत्तीची परीक्षा एकाच रविवारी आहे. तू निघताना पिशवी खांद्याला लावून म्हणालीस, ते तुमचं तुम्ही ठरवा गं, मी काही सांगणार नाही. तुझ्या या दिलदारपणाचाही मला राग आला. भांडली असतीस तर भांडता तरी आलं असतं.

तू गेलीस आणि आमचा वेगाचा धडा लागला. दरवर्षी त्या धड्यात एक गाडी अमुक वेगाने निघते, दुसरी तमुक वेगाने, आणि त्या गाड्या कुठे जातात हे एकही पोर विचारत नाही. मी ठरवलं, या वेळी वेग मैदानात मोजायचा. अंतर भागिले वेळ, पण दोन्ही आपल्या हाताने काढलेलं. एका वेळी एकाने पळायचं, दोघांनी शेवटच्या रेषेवर वेळ घ्यायची. शिपाईमामांनी निशाणही पाडायचं आणि शिट्टीही मारायची, कारण शिट्टीचा मान ते कुणाला देत नाहीत हे तुला माहीतच आहे. वेळ घ्यायला मी चष्मिष आणि वकील या दोघांना उभं केलं. चष्मिषचा चष्मा दुरुस्तीला गेलेला, आणि वकिलाचं तोंड बंद होत नाही, म्हणजे पळण्यापेक्षा तिथेच बरे.

पहिल्याच पळण्याला दोघांच्या वेळा जुळेनात. दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला नाही. वकील म्हणाला, याचा अंगठा झोपलाय. चष्मिष म्हणाला, अंगठा झोपला तर वेळ जास्त येईल की कमी ते तरी सांग. मी घड्याळांची अदलाबदल करवली. तरीही चष्मिषची वेळ दर खेपेला कमी, आणि कमी तीही तेवढीच, तीन दशांशाच्या आसपास. नुसती हाताची चूक असती तर कधी जास्त कधी कमी झाली असती. ही चूक शिस्तीत येत होती. शेवटी मी विचारलं, तुम्ही घड्याळ सुरू कशावर करता? वकील म्हणाला, निशाण पडलं की. चष्मिष म्हणाला, “मला एवढ्या लांबचं निशाण दिसतच नाही बाई. मी शिट्टीवर करतो.”

पोरं दोन्ही घड्याळांभोवती जमली. मग मागून कुणीतरी म्हणालं की रस्त्यापलीकडे सुतार खिळा ठोकतो तेव्हा हातोडा आधी दिसतो आणि ठक नंतर येतं. मी एवढंच सांगितलं की आवाज एका सेकंदात तीनशे चाळीस मीटरच्या जवळपास जातो. पुढचं मी काही सांगितलं नाही. त्यांनी मातीत काड्यांनी भागाकार केले. शंभर भागिले तीनशे चाळीस. शिट्टी वाजली की पळणारा निघतो, पण आवाज शेवटच्या रेषेपर्यंत पोचेस्तोवर त्याची पावलं पडूनही गेलेली असतात, आणि घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं. उत्तर आलं तसा एकच गलका झाला. चष्मिषला उचलून घेतलं त्यांनी. शिट्टी, पदवी मला आधीच मिळाली होती, पण मी शिक्षिका झाले ती त्या दुपारी, मैदानात, धुळीत. आणि त्या आनंदाच्या अगदी पोटात दुसरा एक आनंद उठला, काळा. तू चाचणीत निशाण घेतलंच नव्हतंस. तूही शिट्टीवरच घड्याळ सुरू केलं होतंस.

तो आनंद मी तुला नीट सांगणार आहे, कारण तो लपवला तर या पत्राला अर्थ नाही. तापल्या दिवशी थंड पाण्याचा घोट उतरतो तसा तो उतरला. तू चुकलीस. तू, जिला सगळं सहज येतं. तेरा पूर्णांक आठमध्ये तीन दशांश मिळवायला मला बोटंही लागली नाहीत. मी मान वर केली तर नाकतोडी माझ्याकडेच बघत होती. ती बेरीज तिनेही केली होती. मीच शिकवलेली पोर ती. “बाई, म्हणजे माझं झालं नाही,” ती म्हणाली. मी म्हटलं, बघू. तिला जवळ घ्यावं हे सुचायला मला घरी पोचावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या सरांकडे गेले. त्यांचं म्हणणं, एखाददुसरा दशांश इकडेतिकडे कोण बघतंय, आपण कळवून बसलोय. मी म्हटलं, तिथे विजेच्या यंत्रावर वेळ घेतात, पोरीला सगळ्यांसमोर परत पाठवतील, तेव्हा काय सांगाल तिच्या आईला? मी सत्यावर बरंच बोलले. इतकं छान बोलले की माझं मलाच आवडलं. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “तुमचं आणि तुमच्या मैत्रिणीचं काही बिनसलंय का?” मी म्हटलं, छे. आणि ताठ मानेने बाहेर आले. बाहेर येऊन मान दुखायला लागली.

त्यानंतरच्या तासाला नाकतोडी टेबलाशी आली. कितीतरी दिवसांनी आली. म्हणाली, “बाई, वेगाला दोन गोष्टी लागतात ना? वेळ आपण तपासली. अंतर कुणी तपासलं?” मी हसले. म्हटलं, मैदानावरचे शंभर मीटर मी स्वतः आखलेत. ती म्हणाली, मग बरोबरच असतील. यात टोमणा नव्हता गं. टोमणा असता तर मी सहज झटकला असता. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि तिला तसं वाटतं म्हणून मला तपासावं लागलं.

शेजारच्या बांधकामावरच्या मिस्त्रींकडून लांब लोखंडी टेप आणला. पोरं, मी, शिपाईमामा. शंभर मीटर शंभर नव्हते. दीड मीटर जास्त होते. वर्षाच्या सुरुवातीला शाळेचा टेप तुटलेला होता, तेव्हा मी नायलॉनची दोरी जमिनीवर सैल ठेवून पट्टीने दहा मीटर मापली, आणि मग मैदानावर तीच दोरी दहा वेळा टाकली. टाकताना मात्र एक टोक मामांकडे देऊन मी ती जीव खाऊन ताणत होते, नेमकं यावं म्हणून. जितकी मी नेमकी, तितकी दोरी लांब. दर खेपेला अर्धा फूट खोटं. वकील म्हणाला, “भागिले बाई, तुमची दोरी वाढत्या वयाची निघाली.” सगळी हसली. मीही हसले, पण त्यांच्यानंतर.

मग त्यांनीच गणित मांडलं. तुझ्या चुकीने वेळ कमी दिसली, माझ्या चुकीने पोर जास्त पळली. दोन्ही धरून शंभर मीटरला तेरा पूर्णांक नऊच्या आसपास येतं. म्हणजे तिचं झालं होतं. तुझी चूक मला कळली त्या घटकेपासून मी तिला धरून बसले होते, घोकत होते, तिच्यावर भाषणं करत होते. आपला अर्धा भाग तपासावा हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. ते एका पोरीला सुचलं, जिचं सगळं पणाला लागलं होतं.

सर सुटल्यासारखे म्हणाले, चला, मिटलं. वर्ग म्हणाला, नाही मिटलं. दोन चुका एकमेकींत मिसळून आलेलं उत्तर म्हणजे मोजणं नव्हे, पुन्हा पळायचं. हे त्यांना मी शिकवलं की ते मला शिकवत होते, आता सांगता येत नाही. नवी रेषा आखली. शुक्रवारी सकाळी पळायचं ठरलं. पोरांनी एक घड्याळ माझ्या हातात ठेवलं आणि मी ते परत दिलं. का, असं विचारलं तेव्हा मी अंगठा दुखतो म्हटलं. शिट्टी, माझा अंगठा ठणठणीत होता. पण एक दशांश म्हणजे किती, तर अंगठ्याला नुसतं वाटलं तरी तेवढा होतो. माझ्या अंगठ्याला काय वाटतंय याची मला खात्री नव्हती. तिघांनी वेळ घ्यायची, निशाणावर, आणि मधली धरायची असं ठरलं. मी नाकतोडीच्या आईशेजारी भिंतीशी जाऊन उभी राहिले. ती कामावरून तशीच आली होती, हातांना जंतुनाशकाचा वास होता. ती मला म्हणाली, बाई, मला बघवत नाही, तुम्ही बघा आणि मला सांगा.

निशाण पडलं. पहिल्या अर्ध्या पट्ट्यात मला वाटत होतं, नको होऊ दे. मी हे कुणालाच सांगणार नाही, तुलाच सांगते. तिची आई माझ्या दंडाला धरून उभी होती आणि मला असं वाटत होतं. मग नाकतोडी आमच्या समोरून गेली आणि मला तिचा चेहरा दिसला. माझ्या टेबलाशी तिने किती उदाहरणं सोडवली असतील, पण असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. त्यात मी नव्हते. गंमत म्हणजे तूही नव्हतीस. तेरा नऊ, तेरा नऊ, चौदा. मी तिच्या आईला सांगितलं, झालं. ती तिथेच खाली बसली.

नंतर मी नाकतोडीला बाजूला घेतलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, तुला काय करायचंय? ती बुटाची नाडी बांधत म्हणाली, “पळायचंय. गणितही आवडतं, पण पळायचंय. तुम्ही रागावाल म्हणून बोलले नाही.” मी म्हटलं, रागावेन थोडी, मग उतरेल. ती म्हणाली, किती थोडी? मी म्हटलं, ते मोजायचं घड्याळ आपल्याकडे नाही. ती हसली, आणि हात मांड्यांवर झटकून पळाली. मला पुन्हा हेवा वाटला. वाटतोच तो. वाटला म्हणून काही बिघडलं नाही.

आणि संध्याकाळी तुझी चिठ्ठी मिळाली. नाकतोडीच्या आईने तुला कळवलं, पोर दोन्हीकडून ओढली जातेय. आणि तू मला लिहितेस, तिला परीक्षेलाच बसव, मी आले की तिला समजावते, तुझं मन मोडून मला काही नको. शिट्टी, मी ती चिठ्ठी उभ्याउभ्या वाचली आणि माझा पुन्हा जळफळाट झाला. एवढं मोठं मन तू दाखवायचं आणि मी ते हात पुढे करून घ्यायचं, हे मला झेपणार नाही. पुढच्या सोमवारी तू येशील, तिला जवळ बसवशील, आणि तू सांगितलंस की ती ऐकेल, कारण तुझं ती ऐकतेच. तसं होऊ नये म्हणून हे पत्र आजच टाकते आहे. तुझी शिट्टीची चूक आणि माझी दोरीची चूक दोन्ही मी मोठ्या सरांना सांगितल्यात, नवी वेळ क्रीडाशाळेला गेली आहे, आणि नाकतोडीबरोबर त्या रविवारी तू जाणार आहेस असं मी तुला न विचारता कळवलंय. काल शाळा सुटल्यावर मी परीक्षेच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी खिडकीतून विचारलं, एवढी हुशार मुलगी, नाव का मागे घेताय? मी म्हटलं, त्या दिवशी तिला पळायचंय, आणि त्यांनी दाखवलेल्या जागी सही करून आले.

तुझीच,
भागिले